टीव्हीमागचा गुंता

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय. घरात सहा माणसं. पाच मोबाईल, दोन लॅपटॉप, मुलाचा टॅब, वायफायचा राउटर, सेट-टॉप बॉक्स, सासऱ्यांच्या कानाच्या मशीनची चार्जिंगची डबी, ट्रिमर. हे सगळं टीव्हीमागच्या एकाच सॉकेटवर, एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून चालतं. कोणती केबल कुणाची ते कळत नाही, रोज सकाळी शोधाशोध आणि रोज भांडण. त्यात बोर्ड हाताला कोमट लागायला लागलाय. आणि परवापासून दिरांच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जरसुद्धा खिडकीतून वायर बाहेर काढून त्यालाच लावतात. हा गुंता आवरायचा कसा, आणि घाबरण्यासारखं काही आहे का?

ताई, आहे. पण तुम्हाला वाटतंय तिथं नाही.

सत्तावीस वर्षं मी घरांची वायरिंग करतोय आणि दुपारी दुकानात चार्जर, मोबाईल उघडून बसतो. लोक बोलावतात ते 'वायरी दिसू नयेत असं करून द्या' म्हणून. दिसू नयेत हे सोपं आहे हो, पट्टी मारली की झालं. पण आधी हिशेब करू. मोबाईलचा चार्जर 20 वॅटचा धरा, पाच म्हणजे 100. लॅपटॉप 65 प्रमाणे दोन, 130. टॅबचे 15, राउटरचे 10-12, सेट-टॉप बॉक्सचे 15-20, बाकी किरकोळ. टीव्हीचे 100 धरले तरी सगळं एकाच वेळी चालू असताना 400 वॅटच्या आत बसतं. 230 व्होल्टला हा करंट दोन अँपिअरच्या आसपास. तुमचं सॉकेट 6 अँपिअरचं आहे, म्हणजे साधारण 1,300 वॅट त्याला पेलायला हवेत. तेव्हा मोबाईल जास्त झाले म्हणून बोर्ड तापत नाही.

तापतो तो लूज काँटॅक्टमुळे, आणि अधूनमधून त्याच बोर्डावर कुणीतरी इस्त्री लावतं म्हणून. लावतात की नाही, विचारा घरात. इस्त्री 1,000 वॅटची, करंट साडेचार अँपिअरच्या जवळ. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी ढिली झाली, पिन तिच्यात सैल बसली, तर त्या सांध्याला एक ओहमचा अडथळा यायला वेळ लागत नाही. एक ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण साडेचार अँपिअरला त्या एका टिंबावर 20 वॅट उष्णता तयार होते. माझ्या दुकानातलं छोटं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं आहे, आणि ते शिसं वितळवतं. तुमच्या टीव्हीमागे, प्लास्टिकच्या डब्यात, तसंच एक बसलेलं असतं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

साखर पेठेतल्या एका घरचं सांगतो. घर शुद्ध शाकाहारी, आणि दोन दिवस दिवाणखान्यात मासे कुजल्यासारखा वास. त्यांना वाटलं शोकेसच्या मागे उंदीर मेलाय. सगळी भांडी काढली, शोकेस भिंतीपासून ओढली, उंदीर काही सापडेना. आजी म्हणाल्या, वास फक्त संध्याकाळी येतो. तेव्हा कुठे मला फोन आला. संध्याकाळी त्या बोर्डावर कूलर आणि देवघरातल्या दिव्यांची माळ लागायची, आणि कूलरची पिन सैल होती. सॉकेट उघडलं तर एका बाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आणि वायरचं कव्हर पापडासारखं कडक. बोट लावलं तर तुकडा पडला. तापलेल्या बेकेलाईटला आणि तसल्या काही प्लास्टिकला असाच माशासारखा वास येतो. तुमच्याकडे तसा वास आला तर उंदीर शोधत बसू नका, आधी मेन बंद करा.

एक साधी परीक्षा आहे. तासभर सगळं चालू राहू द्या. मग बटण बंद करून प्लग काढा आणि प्लगच्या पाठीला तळहाताची मागची बाजू लावा. चार्जरचा ठोकळा कोमट लागला तर काळजी नको, तो तापणारच. पण पिन किंवा सॉकेटचं तोंड गरम लागलं तर ते सॉकेट बदलायचं. घासून, चिमट्याने पट्टी दाबून, कागदाची घडी कोंबून भागवायचं नाही. कागदाची घडी मी खरोखर बघितलीय.

म्हणून पहिलं काम केबल गुंडाळण्याचं नाही. एक्स्टेन्शनला जोडलेलं एक्स्टेन्शन आजच्या आज काढा. प्रत्येक जोड म्हणजे सैल व्हायला आणखी एक जागा. इस्त्री, मिक्सर, किटली, कूलर यांना त्या बोर्डावर बंदी. स्कूटरचं वेगळं सांगतो, शेवटी. आणि लांब एक्स्टेन्शनची वायर वेटोळं करून सोफ्याखाली सारलेली असेल तर ती सोडवा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या फेऱ्या एकमेकींना तापवतात. वर गालिचा किंवा चादर असेल तर मग विचारायलाच नको, आणि आपल्या गावात चादरीला काय तोटा.

आता जागा. गुंता होतो तो केबल जास्त असल्यामुळे कमी, आणि चार्जिंगला ठरलेली जागा नसल्यामुळे जास्त. ज्याला जिथं सॉकेट सापडेल तिथं तो केबल सोडून जातो. घरात एकच ठिकाण ठरवा. जुन्या घरात कोनाडा असेल तर त्याच्यासारखं काही नाही. नसेल तर आतल्या भिंतीवर, चार फूट उंचीवर, एक हात रुंदीची फळी. आतली भिंत का म्हणतोय, तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 ला जातो, आणि पश्चिमेची भिंत रात्री दहा वाजताही हाताला ऊन लागते. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेसारखा वैरी नाही. बऱ्याच कंपन्या बॅटरी 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात ते पाळायचं तर दुपारी फोन चार्जच करू नये. शक्य असेल तर पहाटे लावा. मी स्वतः साडेपाचला उठल्यावर लावतो, अंघोळ-पूजा होईपर्यंत फोन भरलेला असतो.

फळीवर शहाबादी फरशीचा किंवा कडप्प्याचा एक तुकडा टाका. फरशीवाल्याकडे तुटके तुकडे पडलेले असतात. दगड थंड राहतो, पेट घेत नाही, पुसायला सोपा. गादीवर, उशीखाली, सोफ्याच्या फटीत फोन चार्जिंगला लावणं घरातल्या कॉलेजच्या पोरांना बंद करा. रागवून ऐकणार नाहीत, त्यापेक्षा पलंगाजवळची केबलच काढून घ्या. फळीला दार लावू नका. बाजारात केबल लपवायच्या झाकणाच्या पेट्या मिळतात, दिसायला छान असतात. एक्स्टेन्शन बोर्ड ठेवायला ठीक आहेत, भोकं मोठी असली तर. चार्जर त्यात कोंबू नका, आतल्या आत भाजून निघतात.

बोर्ड नवीन बसवायचा. फळीच्या वर एक मॉड्युलर बोर्ड, 6 अँपिअरची चार सॉकेट, प्रत्येकाला वेगळं बटण. वायर दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची, फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. हिरवी वायर खरंच अर्थिंगपर्यंत जाते का ते वायरमनला तुमच्यासमोर तपासून दाखवायला सांगा. कितीतरी जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. ओळखायची एक खूण म्हणजे तीन पिनच्या चार्जरवर लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या अंगाला मनगट लागलं की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात लॅपटॉप खराब आहे. खराब नसतो. चार्जरच्या आत गाळणीचं काम करणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून झिरपणारा किंचित करंट अर्थिंगला जायला पाहिजे. अर्थिंग नाही म्हणून तो तुमच्याकडे येतो. आपल्याकडे जमिनीत मुरूम, उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा असला तरी काम करत नाही. मार्चपासून आठवड्याला एक बादली पाणी त्यात ओता. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि हा माणूस खड्ड्यात ओता म्हणतोय, असं वाटेल. कूलर धुतलेलं पाणी चालतं.

डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मेन स्विचांच्या पेटीत, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी नसेल तर तेही याच खेपेत बसवून घ्या. करंट कुठे झिरपला की लाईन तोडणारं ते बटण. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, वायर वाचवतो; आरसीसीबी माणूस वाचवतं. लहान मूल आणि कूलर एकाच खोलीत असतील तर ते नसणं मला सहन होत नाही.

स्पाईक गार्ड, म्हणजे विजेचा झटका अडवणारा एक्स्टेन्शन बोर्ड, त्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो. घ्या, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. आतला व्हॅरिस्टर नावाचा बिल्ला प्रत्येक झटक्याला थोडा थोडा झिजतो आणि कधीतरी गुपचूप संपतो. अर्थिंग नसेल तर त्याचं अर्धं काम तसंही होत नाही. वळवाचा पाऊस कडाडायला लागला की प्लग काढणं हाच खरा उपाय. राउटरला बाहेरून तांब्याची वायर येत असेल तर ती, आणि डिशची केबलही.

आता केबली. सगळ्या एका चादरीवर ओता. रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यांना बसवा, प्रत्येकाने आपली उचलायची. मागे उरतील त्यात तीन-चार जुन्या चपट्या तोंडाच्या, एक-दोन गेलेल्या फोनच्या. मायक्रो यूएसबीची एक ठेवा, ट्रिमर नाहीतर ब्लूटूथ स्पीकरला लागतेच. बाकीच्या आणि मेलेले चार्जर ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात नाही. फुगलेली बॅटरी सापडली तर तिला टोचू नका, दाबू नका, खेळायला देऊ नका. वेगळी, मोकळ्या जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याला सांगून द्या.

राहिलेल्या केबलींना नाव द्या, दोन्ही टोकांना. एकाच टोकाला लिहिलं तर सॉकेटपाशी पुन्हा तेच, कोणाचं कोणतं. जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी घ्या, त्यावर बॉलपेनने लिहा, केबलभोवती झेंड्यासारखी दुमडा. बांधायला प्लास्टिकचे केबल टाय वापरू नका. ते एकदा आवळले की कापावे लागतात, आणि कापताना केबलही कापली जाते. व्हेल्क्रो घ्या. ऑनलाईन दहा तुकड्यांचं पाकीट कशाला मागवता, आपल्या गावात शाळेच्या युनिफॉर्मचा एवढा धंदा आहे. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात व्हेल्क्रो मीटरवर मिळतो. एक मीटर आणलात तर बोटभर लांबीचे दहा तुकडे पडतात.

गुंडाळताना ठोकळ्याभोवती घट्ट आवळून गुंडाळू नका. केबल नेहमी मरते ती मानेशी, जिथं ती प्लगमधून बाहेर येते. आतले तांब्याचे केसासारखे धागे तिथं एकेक करून तुटतात. वरून काही दिसत नाही, फक्त फोन हळू चार्ज व्हायला लागतो. पुरीएवढं सैल वेटोळं करा आणि खिळ्याला अडकवा. काढताना वायर धरून ओढायची नाही, प्लग धरून काढायचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीही करत नाही, माझ्या घरी सुद्धा.

केबल बदलण्याआधी मात्र फोनचं तोंड बघा. सोलापुरात राहून हे सांगितलं नाही तर माझं दुकान कशाला. अक्कलकोट रोडच्या बाजूला टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक पोरगा आला. तीन महिन्यांत तीन केबली घेतल्या होत्या. फोन उलटा धरून केबल वर ताणली तरच चार्ज व्हायचा. मी फोन बंद केला, भिंग लावलं, लाकडी टूथपिक घेतली आणि कडेकडेने हलकेच उकरलं. आतून निघाली कापसाची घट्ट वडी, फेल्टसारखी दाबलेली, मुगाच्या डाळीएवढी, आणि रंगाने निळी. त्या महिन्यात मागावर निळे टॉवेल चालले होते. दर वेळी केबल घालताना तो ती रुई आत ठासत होता आणि प्लग पूर्ण बसतच नव्हता. नवी केबल 'टक' करून बसली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन केबलींचे पैसे आठवले असणार.

कारखान्यात काम नसलं तरी खिशात टॉवेल-रुमालाचे धागे असतातच. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. सेफ्टी पिन घालू नका, टाईप-सीच्या तोंडात मधोमध एक पातळ जीभ असते, ती वाकली की खर्च मोठा. तोंडाने फुंकर मारू नका, आत ओल जाते.

मग प्रश्न येतो, सगळ्यांना मिळून एकच मोठा चार्जर घेतला तर? घ्या. चार तोंडांचा 100 वॅटचा घेतला तर पाच ठोकळ्यांच्या जागी एक-दोनच राहतात, आणि सॉकेटची अर्धी ओढाताण तिथंच संपते. मोठा चार्जर लावला की फोन जळतो ही भीती काढून टाका. चार्जर आधी फोनला विचारतो, तुला किती पाहिजे, आणि फोन सांगेल तेवढंच देतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 100 वॅट हे सगळ्यांत मिळून असतात. लॅपटॉप एकटा असेल तर त्याला 65 मिळतील, शेजारी तीन फोन लावले की त्याचा वाटा कमी होईल, त्यात बिघाड काही नाही. आणि ज्या फोनला कंपनीचं स्वतःचं 80 वॅटचं वगैरे सुपरफास्ट चार्जिंग आहे, तो बऱ्याचदा आपल्याच ठोकळ्यावर आणि आपल्याच केबलवर पळतो. दुसऱ्यावर तो चार्ज होतो, पण चालीचालीने. त्याची जोडी वेगळी बांधून ठेवा, वर नाव लिहा.

टाईप-सी सगळ्या दिसायला जुळ्या बहिणी, पण गुण वेगळे. साधी टाईप-सी ते टाईप-सी केबल 3 अँपिअरची, म्हणजे 60 वॅटपर्यंत. त्यापुढे न्यायला केबलच्या प्लगमध्ये एक छोटी चिप लागते. ती असेल तर 5 अँपिअर, 100 वॅट, आणि नव्या नियमांच्या केबलीत 240 वॅटपर्यंत. लॅपटॉपला 'हळू चार्ज होतंय' असा निरोप येत असेल तर नव्वद टक्के वेळा फोनची केबल लॅपटॉपला लागलेली असते. जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपचं गणित निराळं. तिथं चार्जर काही विचारत नाही, तेव्हा व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, पिनची आतली-बाहेरची बाजू जुळली पाहिजे, अँपिअर मूळ चार्जरएवढे किंवा जास्त असले तर चालतात.

घेताना ठोकळ्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानंतर आठ आकडे बघा. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की कंपनीचं नाव येतं. येत नसेल तर दुकानदाराला चार्जर परत. नवी पेठेत रस्त्यावर मिळणारा स्वस्त चार्जर मी उघडून बघितलाय. 230 व्होल्टची बाजू आणि तुमच्या हातात येणारी 5 व्होल्टची बाजू यांच्यात दोन मिलिमीटरही अंतर नव्हतं. अंगाला लागेल अशा वस्तूत तेवढ्या अंतरावर मी जीव टाकणार नाही.

सासऱ्यांच्या कानाच्या मशीनची डबी त्या फळीवर सगळ्यांत पुढे, त्यांच्या हाताला येईल अशी, आणि तिची केबल कुणी उचलायची नाही असा घरात कायदा करा. तिला साधा 5 व्होल्टचा चार्जर पुरतो. राउटर मात्र या फळीवर आणू नका, त्याला इन्व्हर्टरच्या पॉइंटवर ठेवा, लाईट गेली तरी मुलांची मीटिंग तुटणार नाही. हलवण्याआधी त्याच्या पाठीचा फोटो काढा, कोणती वायर कुठल्या भोकात होती ते नंतर आठवत नाही.

आता स्कूटर. तिला त्या बोर्डावर एक दिवसही ठेवू नका. मोबाईल तासाभरात भरतो, स्कूटर चार-पाच तास सलग मोठा करंट ओढते, आणि सैल सांध्याला तोच सलग करंट खातो. खिडकीच्या चौकटीत दबलेली वायर हा त्यातला दुसरा धोका, दर वेळी खिडकी लागली की तिला एक चिमटा. मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाईन काढा, अडीच स्क्वेअर एमएम तरी, चार असली तर उत्तम. शेवटाला 16 अँपिअरचं सॉकेट, पाऊस लागणार नाही अशा झाकणाचं, मागे स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी. चार्जरवर किती वॅट लिहिलेत ते वाचून वायरमनला सांगा. आणि काम सुरू करण्याआधी लाईटबिल काढून 'मंजूर भार', म्हणजे तुमच्या घराला एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, ते बघा. तिथं एक किलोवॅट लिहिलं असेल, आणि घरात गीझर, कूलर, इस्त्री, वर ही स्कूटर असेल, तर आधी भार वाढवायचा अर्ज करा, मग भिंत फोडा.